भीमाने का मिटवून घ्यावं?

महाभारतातल्या कुठल्या पात्राबद्दल आपल्याकडे सगळ्यात जास्त फालतू बोललं जातं, तर ते भीमाबद्दल. कर्णासाठी 'मृत्युंजय' वाचून डोळे पुसणारे लोक आहेत, अर्जुनाला गीता मिळाली, युधिष्ठिर तर साक्षात धर्मराज. भीमाच्या वाट्याला काय? गदा, लाडू आणि 'डोकं गुडघ्यात' हे प्रमाणपत्र. परवा आमच्या टेबलावर जेवताना एकाने निकालच देऊन टाकला, "पाच गावांवर मिटत होतं राव, पण या भीमाला दुःशासनाचं रक्त प्यायचं होतं ना!"

मला हे मत चूक तर वाटतंच, पण घातकही वाटतं. का, ते जरा सविस्तर लिहितो.

आधी माहितीची चूक. पाच गावांना नकार भीमाने दिला नाही, दुर्योधनाने दिला. सुईच्या टोकावर मावेल एवढीही जमीन देणार नाही असं तो म्हणाला. उलट उद्योगपर्वात कृष्ण शिष्टाईला निघतो तेव्हा भीमच त्याला सांगतो की दुर्योधनाशी गोडीने बोल, कुळाचा नाश टळू दे. हे ऐकून कृष्णालाच हसू येतं. डोंगर हलका झाला, विस्तव गार पडला की काय, अशी तो भीमाची चक्क खेचतो. तहाचं नाव काढताच पेटणारा भीम हवा असेल तर भट्टनारायणाचं 'वेणीसंहार' हे संस्कृत नाटक बघा. तिथे पहिल्याच अंकात पाच गावांची बातमी ऐकून तो थोरल्या भावावर उखडतो, आणि शेवटी रक्ताळलेल्या हातांनी द्रौपदीची वेणी बांधतो. आपण मूळ ग्रंथ आणि नंतरची नाटकं यांची मिसळ करून खातो आणि ढेकर देऊन मत मांडतो. ज्या शहरात भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ अशी ४७ वर्षं खपून महाभारताची चिकित्सक आवृत्ती तयार केली, त्या शहरात तरी हे होऊ नये :-)

आता खरा मुद्दा. पाच गावांच्या प्रस्तावात नेमकं काय होतं? जमीन. फक्त जमीन. द्यूतसभेत जे झालं त्याबद्दल एक अक्षर नाही. एका बाईला केसांना धरून भरसभेत ओढत आणलं. स्वतःला आधीच हरलेला नवरा मला पणाला लावू शकतो का, असा सरळ प्रश्न तिने विचारला. विदुर आणि विकर्ण सोडले तर मोठ्यांपैकी कुणी धड बोललं नाही. भीष्मांनी धर्म फार सूक्ष्म असतो म्हणून हात वर केले. त्या सभेत भीमाने शपथ घेतली. म्हणजे ज्या दिवशी न्यायव्यवस्था बंद पडली होती, त्या दिवशी गुन्ह्याची नोंद फक्त एका माणसाच्या शपथेत झाली. ती नोंदच पुसून टाका, असं आपण भीमाला सांगतोय.

आमच्या धंद्यात याला एक ओळखीचा प्रकार आहे. ज्या बगसाठी तिकीट उघडलं तो तसाच ठेवायचा, दुसरंच काहीतरी बदलायचं आणि तिकीट 'रिझॉल्व्ह्ड' करून बंद करायचं. पाच गावं म्हणजे नेमकं हेच. द्रौपदीला हे बरोबर कळलं होतं. शिष्टाईला निघालेल्या कृष्णासमोर ती आपले केस हातात धरून उभी राहिली आणि म्हणाली की तहाची बोलणी करताना हे केस विसरू नकोस. भीम-अर्जुनाला शांतता हवी असेल तर माझे म्हातारे वडील लढतील, माझी मुलं लढतील.

म्हणजे प्रश्न मिटवायचं की नाही हा नाहीच. मिटवण्याचा अधिकार कुणाचा, हा आहे. आणि याचं उत्तर महाभारतानेच देऊन ठेवलंय. युद्ध संपल्यावर अश्वत्थामा रात्री छावणीत शिरून द्रौपदीच्या पाचही झोपलेल्या मुलांना मारतो. ती अन्न सोडून बसते, त्याचा जीव मागते, आणि भीम लगेच निघतो. शेवटी अश्वत्थाम्याच्या डोक्यावरचा मणी तेवढा मिळतो. भीम तो तिच्या हातात देतो. ती म्हणते, पुरे, गुरूचा मुलगा मला गुरूसारखाच. संपलं! पाच मुलांच्या खुनाचा विषय तिथे मिटतो, आणि 'डोकं गुडघ्यात' असलेला भीम एका शब्दाने वाद घालत नाही. कारण थांबायला ज्याचं त्याने सांगितलं. तडजोड न जमणारा माणूस हे करू शकला असता का?

हे सगळं जुनंपुराणं वाटत असेल तर आजचं सांगतो. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाबद्दलचा २०१३ चा कायदा बघा. दरवर्षी आपण त्याचं ऑनलाइन ट्रेनिंग 'नेक्स्ट, नेक्स्ट' करत संपवतो. त्याचं कलम १० म्हणतं की चौकशीआधी समेट करता येतो, पण तक्रारदार बाईने स्वतः मागितला तरच, आणि पैसे हा समेटाचा आधार असू शकत नाही. पाच गावं चालणार नाहीत, असं कायद्यात लिहिलंय हो!

प्रत्यक्षात काय होतं? माझ्या आधीच्या एका कंपनीत एका मुलीने सीनियरविरुद्ध तक्रार केली. दोघांना एका खोलीत बसवलं, 'गैरसमज' हा शब्द काढला, आणि तिला चांगल्या प्रोजेक्टवर हलवलं. समेट तिने मागितलाच नव्हता. ती गप्प बसेना तेव्हा ती 'ताणतेय' असं ठरलं. आणि तिच्या बाजूने साक्ष द्यायला तयार असलेला एकुलता एक सहकारी? तो 'भडकू' ठरला. भीमाला नाव ठेवणारे इथून तयार होतात.

खाडिलकरांनी 'कीचकवध' लिहिलं ते १९०७ मध्ये. त्या प्रेक्षकांना हे आपल्याहून जास्त कळत होतं. विराटाच्या सभेत कीचक द्रौपदीला लाथ मारतो, युधिष्ठिर तिला सबुरीचा सल्ला देतो, आणि ती रात्री स्वयंपाकघरात भीमाकडे जाते. कीचक म्हणजे कर्झन, युधिष्ठिर म्हणजे मवाळ आणि भीम म्हणजे जहाल, हे लोकांनी बरोबर ओळखलं. सरकारनेही ओळखलं आणि १९१० मध्ये नाटकावर बंदी घातली.

आता विरोधी पक्षाचा सगळ्यात बळकट पुरावा मीच देतो, कारण तो टाळणं लबाडी होईल. विकर्ण. त्या सभेत द्रौपदीच्या बाजूने उभा राहिलेला एकमेव कौरव. भीमाने त्यालाही मारलं, आणि मारल्यावर हळहळला. सगळ्या भावांना मारायची शपथ होती म्हणून. पुढे गांधारी विचारते, ज्याचा अपराध कमी होता असा एकही मुलगा आम्हा दोघांसाठी ठेवता आला नाही का तुला? या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही, आणि भीमाकडेही धड नव्हतं. द्रौपदीची तक्रार दुःशासनाविरुद्ध होती, दुर्योधनाविरुद्ध होती, विकर्णाविरुद्ध नव्हती. इथे शपथ तिची राहिली नाही, भीमाच्या रागाची झाली. तिच्यासाठी लढणाऱ्याने तिच्या तक्रारीच्या पुढे जायचं नसतं. इथे भीम चुकला, बिनशर्त चुकला.

पण गंमत बघा, भीमावर टीका करणारे विकर्णाचं नाव कधी काढत नाहीत. त्यांचा आक्षेप दुःशासनाबद्दल असतो. निरपराध मेला याचं त्यांना काही नाही, अपराधी सुटला नाही याचं वाईट वाटतं.

म्हणून एकच विनंती. 'जाऊ दे ना, मिटवून टाका' हे वाक्य ओठांवर आलं की आधी एवढं विचारा, मिटवायला तिने सांगितलंय का? सांगितलं असेल तर तुम्हीच मणी घेऊन जा. नसेल सांगितलं, तर जो तिच्या बाजूने उभा आहे त्याला निदान शहाणपण शिकवू नका.