ऑक्टोबरात सभागृह भरते, शेतकरी शेतात असतो

ऑक्टोबर उजाडला की अमरावती-अकोल्याच्या सायबर सुरक्षा प्रशिक्षकाची डायरी भरून जाते. केंद्र सरकारने हा महिना सायबर जागृतीसाठी ठरवून दिला आहे. शिवाय दर महिन्याच्या पहिल्या बुधवारी 'सायबर जागरूकता दिवस' असतोच. सकाळी बडनेऱ्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात, दुपारी अमरावतीच्या एखाद्या सभागृहात, दुसऱ्या दिवशी अकोल्यात, असा महिना निघून जातो. या दोन शहरांमधला रस्ता आता बरा आहे. जून २०२२ मध्ये लोणी ते मूर्तिजापूर पट्ट्यात सलग १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर डांबरीकरण झाले आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. लॅपटॉप, दोन-तीन जुने मोबाइल, स्वतःचा राउटर आणि प्रोजेक्टरला जोडायच्या सगळ्या प्रकारच्या केबल घेऊन हा माणूस त्या रस्त्यावरून ये-जा करतो.

त्याच दिवसांत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सोयाबीनची सोंगणी चालू असते. शेतात गंज्या लागलेल्या असतात, थ्रेशरसाठी नंबर लावलेले असतात आणि कपाशीची पहिली वेचणी तोंडावर आलेली असते. पुढच्या दोन-तीन महिन्यांत ज्यांच्या खात्यात वर्षाचा पैसा येणार आणि ज्यांना त्यामुळे ठगांचे फोन येणार, ती माणसे त्या सभागृहात नसतात. तिथे असतो द्वितीय वर्षाचा वर्ग. हजेरी लागणार म्हणून आलेला.

वऱ्हाडातल्या सायबर जागृतीचा खरा अडथळा इथे आहे. व्याख्याने कमी पडत नाहीत, ती चुकीच्या वेळी आणि चुकीच्या जागी होतात. राष्ट्रीय आकडे पाहिले तर हे काम उत्सवासारखे उरकण्याचे राहिलेले नाही. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या सायबर गुन्हे समन्वय केंद्राच्या हिशेबानुसार २०२३ मध्ये देशात नागरिकांचे ७,४६५ कोटी रुपये सायबर फसवणुकीत गेले. २०२४ मध्ये तो आकडा २२,८४५ कोटींवर गेला. एका वर्षात तिप्पट.

प्रशिक्षकाचा दिवस कसा जातो, हे बाहेर फारसे कुणाला ठाऊक नसते. कार्यक्रम अकराचा असतो, पाहुणे पावणेबाराला येतात. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, परिचय, प्रास्ताविक आणि अध्यक्षांचे 'दोन शब्द' झाले की मुख्य विषयाला पस्तीस मिनिटे उरतात. त्यातली पाच प्रोजेक्टर खातो. मग आयोजक मोठ्या विश्वासाने सांगतात, ''सर, तुमचा पेनड्राइव्ह द्या, आमच्याच कॉम्प्युटरवर लावतो.'' अनोळखी यंत्रात पेनड्राइव्ह घालू नका, हेच सांगायला आलेल्या माणसाने त्यावर काय बोलावे? तो हसून स्वतःचा लॅपटॉप पुढे करतो. कार्यालयाचा वाय-फाय पासवर्ड मागच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत चिकटवलेला असतो; तो मात्र व्याख्यानाच्या कामी येतो.

शेवटी शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह आणि फोटो. फोटो सर्वांत महत्त्वाचा, कारण तो महाविद्यालयाच्या मूल्यांकनाच्या, म्हणजे 'नॅक'च्या फायलीत लागतो. मानधनाचा विषय निघालाच तर ''समाजकार्य आहे सर'' असे उत्तर येते, फार तर पेट्रोलचे पैसे निघतात. या क्षेत्रात जगभर मानल्या जाणाऱ्या सीआयएसएसपी परीक्षेचे नुसते शुल्क ७४९ डॉलर आहे, प्रमाणपत्र हाती यायला पाच वर्षांचा अनुभव लागतो आणि ते टिकवायला दर तीन वर्षांत १२० तासांचा नवा अभ्यास दाखवावा लागतो. हे सगळे शालींच्या गठ्ठ्यावर चालत नाही. म्हणून जाणकार माणसे पुण्या-मुंबईच्या कंपन्यांकडे वळतात आणि वऱ्हाडातल्या मंचावर अनेकदा आठवड्याचा कोर्स केलेला 'एथिकल हॅकर' उभा राहतो. तो टाळ्या घेतो, कारण त्याला समोरच्याचा फोन 'हॅक करून दाखवायचा' असतो. मालकाच्या परवानगीशिवाय असे करणे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ आणि ६६ खाली गुन्हा ठरू शकतो, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, हे तो सांगत नाही. कदाचित त्याला ते माहीतही नसते. जबाबदार प्रशिक्षक स्वतःची यंत्रे आणि स्वतःचे नेटवर्क वापरतो आणि दुसऱ्याच्या यंत्रावर काही दाखवायचे असेल तर लेखी परवानगी घेतो. ते प्रात्यक्षिक दिसायला फिके असते, एवढेच.

शहरी शिकवणीतली वाक्ये गावात कशी अडखळतात, याचा नमुना म्हणजे ओटीपी. 'ओटीपी कुणालाही सांगू नका' हे वाक्य प्रत्येक व्याख्यानात असते. गावातल्या कार्यक्रमात त्यावर मागून प्रश्न येतो, ''सर, सेतूवाला तं रोजच ओटीपी मांगते. मंग त्याले बी नाई सांगाचा का?'' प्रश्न बिनतोड आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी सुरू झाली. बाईच्या आधारचा ओटीपी आणि पती किंवा वडिलांच्या आधारचाही. त्याच सुमारास भारतीय कपास निगमने हमीभावाने कापूस विकण्यासाठी 'कपास किसान' ॲपवर नोंदणी सक्तीची केली. म्हणजे सरकार म्हणते ॲप घ्या, ओटीपी द्या. प्रशिक्षक म्हणतो ॲप घेऊ नका, ओटीपी देऊ नका. आणि व्हॉट्सॲपवर कुणीतरी 'पीएम किसान यादी' नावाची एपीके फाइल पाठवतो. शेतकऱ्याने यातला खरा कोण ते कसे ओळखावे?

'सांगूच नका' हा नियम इथे मोडूनच पडतो. त्याऐवजी ओळख शिकवावी लागते. ओटीपीच्या संदेशात पूर्ण काय लिहिले आहे ते आधी वाचून घ्यावे. तो पैसे काढण्याचा आहे की आधार पडताळणीचा, हे त्यातच असते. बहुतेक सरकारी संकेतस्थळांचा पत्ता 'डॉट जीओव्ही डॉट इन'ने संपतो. बँकांना रिझर्व्ह बँकेने ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत 'डॉट बँक डॉट इन' या पत्त्यावर जायला सांगितले होते. ॲप प्ले स्टोअरवरूनच घ्यावे, व्हॉट्सॲपवर आलेल्या फाइलमधून कधीच नाही. आणि सेतूवाल्याला ओटीपी द्यायचा तो समोर बसून, आपण स्वतः मागितलेल्या कामासाठी. फोनवर मागितला तर त्यालाही नाही. एवढे समजावून सांगायला पस्तीस मिनिटे पुरत नाहीत, आणि सभागृहातल्या स्लाइडवर तर ते मुळीच उतरत नाही.

वऱ्हाडाला फिरत्या वक्त्याचे नवल नाही. शेंडगावात जन्मलेले गाडगेबाबा गावात शिरले की आधी खराटा हातात घेत आणि रात्री कीर्तनाला उभे राहत. ते कीर्तन म्हणजे समोरच्यांशी केलेली उलटतपासणी असे. बाबा विचारत, लोक उत्तर देत, त्या उत्तरातून पुढचा प्रश्न निघे, आणि भाषा अस्सल वऱ्हाडी. कर्ज काढून सण करू नका, हा त्यांचा ठरलेला विषय होता. त्याला घरचे कारण होते. त्यांचे बालपण गेले ते मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुरे गावी, मामांकडे, आणि त्या मामांची जमीन सावकाराने कागदपत्रांच्या कपटाने गिळली होती. अंगठा उठवून घेणारा तेव्हा दारात यायचा, आता फोनवर येतो. नोव्हेंबर १९५६ मध्ये ध्वनिमुद्रित झालेले बाबांचे अखेरचे कीर्तन वांद्र्याच्या पोलीस ठाण्यातले होते, हाही योगच. आजच्या सायबर प्रशिक्षकाने त्यांची नक्कल करावी असे कुणी म्हणणार नाही, पण त्यांच्याकडून दोन गोष्टी घ्यायला हरकत नाही: माणसे जिथे जमतात तिथे आपण जायचे आणि सांगण्यापेक्षा विचारायचे जास्त.

केवळ ऐकवण्याचा उपयोग किती, याचे मोजमाप परदेशात झाले आहे. अमेरिकेत सॅन दिएगो इथल्या विद्यापीठाच्या रुग्णालय समूहात १९,५०० कर्मचाऱ्यांना आठ महिन्यांत दहा वेळा बनावट ईमेल पाठवून पाहिले. प्रशिक्षण मिळालेल्यांचे फसण्याचे प्रमाण न मिळालेल्यांपेक्षा फक्त १.७ टक्क्यांनी कमी निघाले. वार्षिक सक्तीचे प्रशिक्षण नुकतेच झाले की फार पूर्वी झाले, याने काही फरक पडत नव्हता. रोज संगणकासमोर बसणाऱ्या, पगारी नोकरांची ही गत. वर्षातून एकदा सतरंजीवर बसून ऐकणाऱ्याकडून अधिक अपेक्षा धरणे म्हणजे स्वतःचीच समजूत काढणे होय.

म्हणून वेळापत्रक बदलायला हवे, आणि ते पैशाच्या मागे चालायला हवे. कापूस आणि सोयाबीन बाजार समितीत येतात तेव्हा प्रशिक्षक तिथल्या शेडमध्ये हवा. गाडी मोजली जाईपर्यंत शेतकऱ्याकडे वेळच वेळ असतो. नोव्हेंबरात निवृत्तिवेतनधारक हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत रांग लावतात आणि नेमके तेव्हाच 'दाखला ऑनलाइन करून देतो' असे फोन त्यांना येतात. तो महिना बँकेच्या बाकावर घालवावा. पीककर्जाचे दिवस जूनपूर्वीचे. उन्हाळ्यात अडचण आहे, हे खरे. मे २०२४ मध्ये अकोल्यात उष्णतेमुळे जिल्हाधिकाऱ्यांना कलम १४४ लावावे लागले, खासगी शिकवण्यांचे दुपारचे वर्गही बंद ठेवायला सांगितले गेले. पण वऱ्हाडात मे महिन्यात रात्री आठनंतर गाव ओट्यावरच असते.

मग महाविद्यालये सोडून द्यायची का? नाही, पण तिथला विषय बदलायला हवा. विद्यार्थ्यांना पासवर्डचे नियम पुन्हा पुन्हा ऐकवण्यात अर्थ नाही, ते त्यांना पाठ आहेत. त्यांच्यापुढचा खरा धोका बँक खाते भाड्याने देण्याचा आहे. 'खाते वापरायला दे, महिन्याला काही हजार मिळतील' असे सांगून चोरीचा पैसा फिरवण्यासाठी तरुणांची खाती घेतली जातात. पोलीस पैशाच्या मागावर निघतात तेव्हा ते पहिल्यांदा पोहोचतात ते त्या मुलाच्या दारात. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेचे सुमारे ९४ कोटी ४२ लाख रुपये लुटले गेले, दोन दिवसांत, त्यातले बहुतेक २८ देशांतल्या एटीएममधून. काही रक्कम कोल्हापुरातूनही काढली गेली. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने अकरा जणांना दोषी धरले. संगणकात घुसणारे कुठल्या तरी देशात सुरक्षित राहिले, शिक्षा एटीएमपुढे कार्ड घेऊन उभ्या राहिलेल्यांच्या वाट्याला आली. अमरावतीच्या विद्यार्थ्याला सांगायची गोष्ट ही आहे.

फसल्यावर काय करायचे, हा भाग तर बहुतेक व्याख्यानांत शेवटच्या स्लाइडवर ढकललेला असतो, आणि शेवटच्या स्लाइडपर्यंत वेळ संपलेला असतो. सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० हा क्रमांक लगेच लावला तर पैसा पुढच्या खात्यात जाण्याआधी गोठवता येण्याची शक्यता असते. बँक आणि ग्राहक या दोघांचीही चूक नसेल आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर ग्राहकावर भार पडत नाही, असा रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा नियम आहे. तो सहकारी बँकांनाही लागू आहे. ओटीपी स्वतः दिला असला तरी कळवल्यानंतर होणारे नुकसान बँकेच्या माथी येते. हे माहीत नसल्याने आणि त्याहून अधिक लाजेपोटी माणसे दोन-दोन दिवस गप्प बसतात. 'गावात हसू होईल' ही भीती ठगाच्या फार कामाची आहे. प्रशिक्षकाने फसलेल्या माणसाची गोष्ट विनोद म्हणून सांगणे म्हणूनच ताबडतोब थांबवावे, भले हशा पिकत असो.

या सगळ्याला पैसा कुठून, असे विचारले जाईल. नवी योजना काढायची गरज नाही. बँकांच्या ग्रामीण शाखांनी दर महिन्याला एक आर्थिक साक्षरता शिबिर घ्यावे, असे रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्येच सांगितले आहे. दहा वर्षे कुणी न मागितलेल्या ठेवी ज्या निधीत जातात, त्याच्या नावातच ठेवीदार शिक्षण आहे. शिबिरे कागदावर होतात की झाडाखाली, हे तपासणे जिल्हा अग्रणी बँकेच्या हाती आहे. त्या शिबिरांसाठी अमरावती आणि अकोल्यात जाणकार प्रशिक्षकांची यादी तयार करावी, फेरीमागे ठरावीक मानधन आणि प्रवासखर्च लावावा आणि सायबर पोलीस ठाण्याने त्या महिन्यात जिल्ह्यात चाललेल्या फसवणुकीचे प्रकार त्यांना नावे वगळून कळवावेत. पीककर्जाच्या आढाव्याला सगळ्या बँकांचे अधिकारी दर तिमाहीला जिल्हाधिकाऱ्यांसमोर बसतातच. त्याच बैठकीत कोणत्या शाखेने कुठल्या गावात, कुणासमोर हे शिबिर घेतले, याचा एक रकाना वाढवता येईल.