जखम भरेपर्यंत जबाबदारी डॉक्टरचीच!

सौंदर्यशस्त्रक्रिया फसलेल्या माणसाला आपल्या समाजात सहानुभूती मिळत नाही. अपघातात पाय मोडला तर शेजारीपाजारी डबा घेऊन दवाखान्यात जातात. पण केसांचे रोपण करून घेतले आणि डोक्यात पू झाला, पोटाची चरबी काढून घेतली आणि टाके उसवले, तर तेच शेजारी विचारतात, 'कोणी सांगितली होती ही हौस?' घरचे तेच विचारतात, मित्रही तेच विचारतात. ज्याने पैसे मोजून घेतले तो दवाखानाही वेगळ्या शब्दांत हेच सुनावतो. रुग्ण लाजेने गप्प बसतो आणि त्याच्या या लाजेवरच एक मोठा धंदा उभा आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आमच्याकडे आलेल्या एका तक्रारीचा तपशील असा आहे. मराठवाड्यातून पुण्यात येऊन कंत्राटी कामगार म्हणून राबणारा एक तरुण. वय तिशीच्या आत, पण टक्कल पडलेले. लग्नाची दोन स्थळे त्यावरूनच मोडली. जाहिरात पाहून तो एका क्लिनिकमध्ये गेला. तेथे त्याला आधी डॉक्टर भेटले नाहीत, 'काउन्सिलर' भेटली. सत्तर हजारांचे 'पॅकेज' ठरले आणि कर्जाचा कागदही त्याच टेबलावर भरला गेला. शस्त्रक्रिया दिवसभर चालली. डॉक्टर अर्धा तास दिसले, बाकीचे काम कोणी केले ते त्याला आजही ठाऊक नाही. आठव्या दिवशी डोक्याच्या मागच्या बाजूला पू झाला, ताप भरला. फोन केला तर 'असे होतेच, गोळ्या चालू ठेवा.' पुन्हा फोन केला तर 'डॉक्टर शनिवारी येतात.' शनिवारी गेला तर ड्रेसिंगचे वेगळे पैसे मागितले, कारण म्हणे ते पॅकेजमध्ये नव्हते! शेवटी सरकारी रुग्णालयात जखम साफ झाली. डोक्यावर केस आले नाहीत तो कायमचा चट्टा राहिला आणि कर्जाचे हप्ते सुरूच आहेत. हाती कागद दोनच, पैशाची पावती आणि न वाचता सही केलेल्या इंग्रजी संमतीपत्राची झेरॉक्स.

या तरुणाची तक्रार गुंतागुंत झाली एवढीच नाही, हे नीट समजून घेतले पाहिजे. शस्त्रक्रिया कोणतीही असो, तिच्यात जंतुसंसर्ग, रक्तस्राव, भुलीची प्रतिक्रिया हे धोके असतातच. उत्तम डॉक्टरच्या हातूनही गुंतागुंत होते आणि केवळ तेवढ्यावरून कोणाला दोषी ठरवता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही २००५ च्या जेकब मॅथ्यू खटल्यात डॉक्टरवर फौजदारी निष्काळजीपणाचा आरोप ठेवण्यासाठी कडक कसोटी लावली आहे, ती योग्यच आहे. प्रश्न त्यानंतरचा आहे. गुंतागुंत होऊ शकते हे आधी सांगितले होते काय? झाली तेव्हा डॉक्टर जागेवर होता काय? रोपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी कपाळावर सूज उतरणे नेहमीचे आहे, लावलेले केस काही आठवड्यांत गळून पुढे काही महिन्यांनी नव्याने येणे हेही नेहमीचे आहे. पण पू, वाढता ताप, काळी पडणारी कातडी हे नेहमीचे नाही. एवढी माहिती एका पानावर मराठीत छापून देता येते. ती दिली जात नाही, कारण जो रुग्ण धोका ओळखतो तो प्रश्नही विचारतो!

दुर्लक्षाची किंमत काय असते, तेही पाहा. मार्च २०१९ मध्ये मुंबईत केसांच्या रोपणानंतर एका व्यावसायिकाचा मृत्यू झाला. मार्च २०२५ मध्ये कानपूरला एका अभियंत्याचा असाच मृत्यू झाला आणि रोपण करणाऱ्या दंतवैद्यकाच्या पदवीधारकावर गुन्हा दाखल झाला. त्याआधीच, सप्टेंबर २०२२ मध्ये, राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने मार्गदर्शक सूचना काढून बजावले होते की कार्यशाळेत बसून किंवा यूट्यूबवर पाहून शिकणे म्हणजे प्रशिक्षण नव्हे. ज्या देशाच्या आयोगाला असे लेखी सांगावे लागते, त्या देशात गल्लोगल्ली काय चालले असेल याची कल्पना वाचकांनीच करावी.

हे शास्त्र आपल्याला परके नाही. १७९४ साली लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये पुण्याजवळच्या एका शस्त्रक्रियेचे वर्णन छापून आले. इंग्रजांच्या फौजेत बैल हाकणाऱ्या कावसजी नावाच्या माणसाचे नाक टिपूच्या सैनिकांनी कापले होते. कपाळाची कातडी वळवून त्याला नवे नाक बसवले गेले. ते बसवणारा कोणी शास्त्री-पंडित नव्हता, तो विटा करणाऱ्या जातीतला कारागीर होता. हे वर्णन वाचूनच पुढे १८१४ साली लंडनमध्ये जोसेफ कार्प्यू याने तशी शस्त्रक्रिया केली. ज्या हातांना व्यवस्थेने शूद्र म्हटले त्या हातांनी युरोपच्या शल्यवैद्यकाला धडा दिला, हा इतिहास आमच्या पाठ्यपुस्तकांत ठळकपणे कधी आला? पण त्या वर्णनातील दुसरी गोष्ट आज अधिक महत्त्वाची आहे. रुग्णाने पाच-सहा दिवस उताणे पडून राहायचे, दहाव्या दिवशी नाकपुड्या उघड्या राहाव्यात म्हणून मऊ कापडाचे बोळे घालायचे, पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास कपाळाशी जोडलेला कातडीचा पट्टा कापायचा, असा सगळा क्रम त्यात दिला आहे. म्हणजे चाकू चालवणे हा एका दिवसाचा भाग होता आणि देखभाल महिनाभराची होती. त्या कारागिराला जे कळत होते ते आजच्या वातानुकूलित क्लिनिकला कळत नाही, असे कोण म्हणेल? कळते, पण त्यात नफा नाही.

शस्त्रक्रियेनंतरची काळजी म्हणजे उपकार नव्हे, तो उपचाराचाच भाग आहे. ती नाकारणे म्हणजे काय, हे बाबासाहेबांनी फार पूर्वी दाखवून दिले आहे. 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये त्यांनी काठेवाडातील एका अस्पृश्य शिक्षकाचे १९२९ चे पत्र दिले आहे. बाळंतीण बायको आजारी पडली. डॉक्टर वस्तीत यायला तयार नव्हता. फीची हमी दिल्यावर आला तोही वस्तीबाहेर. थर्मामीटर त्याने एका मुसलमानाच्या हाती दिला, त्याने नवऱ्याला, नवऱ्याने बायकोला. न्यूमोनिया असल्याचे सांगून तो गेला आणि नंतर दोन रुपये फी देऊनही पुन्हा आला नाही. ती माउली दगावली. आजच्या क्लिनिकचा नकार जातीवरून येतो असे आम्ही म्हणत नाही, तो पाकिटावरून येतो. पण फी घेऊन पाठ फिरवणे ही वृत्ती तीच आहे. तेव्हा विटाळ आडवा आला, आता पॅकेज आडवे येते.

काही कार्यकर्ते म्हणतील, चळवळीचा आणि या टकलाच्या, गोरेपणाच्या, नाकाच्या हौसेचा काय संबंध? संबंध आहे. माणसाला त्याच्या रंगावरून, नाकावरून हीन ठरवणारी नजर याच व्यवस्थेने घडवली. 'फेअर अँड लव्हली'ने २०२० मध्ये नाव बदलून 'ग्लो अँड लव्हली' केले, पण डबीवरचे नाव बदलल्याने नजर बदलत नाही. आणि दुसऱ्यांना कशाला बोल लावावा? आपल्या वधू-वर मेळाव्यांतील परिचयपत्रे उघडून पाहा. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरांतून 'वर्ण : गोरा' हा रकाना आजही भरला जातो. सावळ्या मुलीला नकार द्यायचा, टकलावरून मुलाचे स्थळ मोडायचे आणि त्याच मुलाने कर्ज काढून उपचार केला की त्याला हसायचे, हा दुटप्पीपणा आहे. रूपाच्या बाजारावर टीका जरूर करा, पण त्या बाजारात लुटल्या गेलेल्या माणसाची बाजू सोडू नका. त्याने चूक केली असे तुम्हाला वाटत असले तरी त्याचे हक्क त्यामुळे संपत नाहीत.

हे हक्क कागदावर आहेत आणि ते प्रत्येक वस्तीत माहीत झाले पाहिजेत. १३ नोव्हेंबर १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आणली. २०१९ च्या नव्या कायद्यातून ती वगळली गेली असा दावा झाला, तो मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये फेटाळला आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तोच निर्णय कायम ठेवला. तक्रार दोन वर्षांच्या आत करायची असते. ती आपण जेथे राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे करता येते आणि मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. रुग्णाने मागणी केल्यावर ७२ तासांत कागदपत्रे देणे डॉक्टरवर बंधनकारक आहे, असे २००२ ची वैद्यकीय आचारसंहिता सांगते. धोके आणि पर्याय समजावून न सांगता घेतलेली सही ही खरी संमती नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ च्या समीरा कोहली खटल्यात स्पष्ट केले आहे. न कळणाऱ्या भाषेतील कागदावर अंगठा किंवा सही घेऊन कोणी सुटू शकत नाही.

मात्र या कायद्यात एक मोठे भगदाड आहे. जेथे सर्वांनाच पूर्णपणे मोफत सेवा मिळते त्या रुग्णालयातील रुग्ण 'ग्राहक' ठरत नाही. म्हणजे क्लिनिकने बिघडवलेली जखम घेऊन गरीब माणूस ज्या सरकारी दवाखान्यात जातो, तेथेही हेळसांड झाली तर ग्राहक आयोगाचे दार त्याला बंद! भाजलेल्या बाईला, ओठ दुभंगलेल्या लेकराला प्लास्टिक सर्जरीची गरज असते, ती हौस नसते. सरकारी रुग्णालयांत या विभागांना पुरेसे डॉक्टर आणि खाटा द्या, आणि मोफत उपचार घेणाऱ्याच्या तक्रारीलाही वेळेचे बंधन असलेली यंत्रणा द्या, ही आमची मागणी आहे. खासगी क्लिनिकांसाठी आणखी दोन मागण्या आहेत. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरचे नाव, पदवी आणि नोंदणी क्रमांक पावतीवर छापणे सक्तीचे करा. आणि जखम पूर्ण भरेपर्यंतच्या तपासण्या व ड्रेसिंग मूळ किमतीतच धरले पाहिजे, ते वेगळे विकता येणार नाही, असा नियम करा.

सरकार करील तेव्हा करील. आपण काय करायचे? शस्त्रक्रियेआधी डॉक्टरचा नोंदणी क्रमांक मागा आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे तपासून घ्या. रात्री बेरात्री त्रास झाला तर कोणाला फोन करायचा ते लेखी घ्या. जखमेचे रोजचे फोटो तारखेसह ठेवा. फोनवर बोलणे झाले की तेच मोबाइलवर लिहून पाठवा. आणि तक्रार घेऊन जाताना रुग्णाला एकटे पाठवू नका, वस्तीतले चार शिकलेले कार्यकर्ते बरोबर जा. एकट्याला 'शनिवारी या' म्हणणारे काउंटर चौघांना खुर्ची देते, हा आमचा अनुभव आहे.

विनयपिटकात अतिसाराने आजारी पडलेल्या एका भिक्खूची कथा आहे. तो कोणाच्या उपयोगाचा नाही म्हणून इतर भिक्खूंनी त्याला तसाच पडू दिला होता. तथागतांनी आनंदाला बरोबर घेऊन स्वतःच्या हातांनी त्याला धुतले, बिछान्यावर निजवले आणि मग संघाला जाब विचारला. तो आजारी का पडला, त्याची चूक काय, हे आधी विचारले नाही. त्याची शुश्रूषा का झाली नाही, हे विचारले. आपल्या वस्तीत उद्या असा कोणी रुग्ण तोंड लपवून बसला असेल, तर आपणही दवाखान्याला पहिला प्रश्न हाच विचारला पाहिजे.