टॉवेल तिथंच ठेव!

आधीच कबूल करून टाकतो. बँकॉकच्या हॉटेलातून निघताना मी एक टॉवेल बॅगेत कोंबत होतो. आणि मला पकडलं ते हॉटेलवाल्यांनी नाही, आमच्या काकांनी!

झालं असं, की २०२३ च्या नोव्हेंबरात थायलंडने भारतीयांना व्हिसामाफी दिली आणि आमच्या घरात फॉरेन टूरचे वारे सुटले. सोलापूरहून काका-काकू, पुण्याहून मी. त्यांच्या बॅगेत कडक भाकरी आणि शेंगाचटणी. माझ्या डोक्यात एकच टेन्शन, हे दोघं आपली इज्जत घालवणार.

टेन्शन अगदीच खोटं नव्हतं. काकांनी तीस वर्षं टॉवेलच्या कारखान्यात काढली. यंत्रमागाच्या खडखडाटात कमावलेला आवाज तो! लॉबीत उभं राहून, स्पीकर ऑन करून सोलापूरला फोन: ‘‘पोचलो बे! लई गरम होऊलालंय!’’ मी चार पावलं लांब, जणू ओळखच नाही. रूम आवरायला आलेल्या बाईंच्या हातावर काकूंनी भाकरी-चटणी ठेवली, तेव्हा तर तोंड कुठं लपवू असं झालं. बाई मात्र मजेत खात होत्या.

शेवटच्या सकाळी मी पॅकिंग करत होतो.

‘‘काय करूलालास बे?’’ काका दारात उभे.

‘‘अहो काका, सगळेच घेतात. भाड्यात येतं ते.’’

काकांनी टॉवेल हातात घेतला, सवयीनं काठ चाचपला. ‘‘हे मोजलेले असतात. आमच्याकडं एक नग कमी भरला की कुणाच्या तरी पगारातून जायचा. इथं कुणाच्या जाईल? काल चटणी खाल्ली ती बाई.’’

मी टॉवेल परत ठेवला. घडी घालून.

तुम्हाला २०१९ चा जुलै आठवतो? बालीतल्या एका हॉटेलबाहेर भारतीय कुटुंबाच्या बॅगा उघडल्या गेल्या आणि आतून हॉटेलच्या वस्तू एकामागून एक बाहेर निघाल्या. ‘पैसे देतो’ अशी गयावया चालली होती. तो व्हिडिओ आपण सगळ्यांनी ‘शी, काय लोक असतात’ म्हणत फॉरवर्ड केला. त्याच महिन्यात उद्योगपती हर्ष गोएंका यांनी स्वित्झर्लंडमधल्या ग्श्टाडच्या एका हॉटेलची नोटीस ट्विट केली. खास भारतीय पाहुण्यांसाठी: नाश्त्याचे पदार्थ बांधून नेऊ नका, कॉरिडॉरमध्ये आवाज करू नका. आधी राग आला, पण मग आपलंही चुकतंच हे जाणवलं, असं त्यांनी मोकळेपणानं लिहिलं होतं. फक्त भारतीयांना वेगळी नोटीस लावणं खटकतंच. पण नोटिशीतलं काय खोटं होतं, सांगा!

आपला घोळ इथंच होतो. मोडकं इंग्रजी, डब्यातली चटणी, काकूंची नऊवारी याची आपल्याला लाज वाटते. बुफेतली केळी पर्समध्ये सरकवताना मात्र वाटत नाही. पहिल्यानं कुणाचं काही बिघडत नाही, दुसऱ्याचं बिल कुणीतरी भरतं. हां, स्पीकरवरचा फोन दुसऱ्या यादीत येतो. काकांना तसं सांगितलं, तर त्यांनी लगेच स्पीकर बंद केला. मी इतके दिवस नुसता लांब उभा राहिलो होतो, सांगितलं कुठं होतं?

याच सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये चीनला गेले, तिथली भाषा शिकले, युद्धातल्या जखमींवर उपचार करत १९४२ मध्ये तिथंच वारले. चीनमध्ये त्यांचं नाव आजही आदरानं घेतात. आपल्याकडून एवढं कुणी मागत नाहीये. पाच दिवस नीट पाहुण्यासारखं राहिलो तरी पुरे.

परवा काकांकडून पार्सल आलं. अर्धा डझन सोलापुरी टेरी टॉवेल, जीआय मानांकनवाले. वर चिठ्ठी: ‘पुढच्या टूरला जाताना घेऊन जा. येताना मोजून आण. सहाच पाहिजेत.’