मोळीवर पाचट, माणसावर काय?



तोडलेला ऊस उन्हात पडून राहिला की वजन घटते, हे आपल्या पोराटोरांनाही ठाऊक आहे. म्हणून वाहन यायला उशीर असला की आपण मोळ्यांवर पाचट पसरतो, पाणी शिंपडतो आणि चिटबॉयला दहादा विचारतो, "बाबा, ट्रॅक्टर कधी येतोय?" परंतु ज्याने ती मोळी बांधली त्याच्या डोक्यावर, मानेवर काय आहे, इकडे मात्र आपले लक्ष जात नाही. म्हणून हे दोन शब्द.

हा विषय काढला की वडीलधारी मंडळी हसतात. म्हणतात, "ऊन का आपल्याला नवं हाय? आपलं कातडं जलमापासून भाजून निघालेलं हाय." यात थोडे तथ्य आहे. सावळ्या कातडीतील रंगद्रव्य उन्हाची धार काहीशी बोथट करते आणि गोऱ्या लोकांपेक्षा आपल्यात त्वचेचा कर्करोग कमी आढळतो. पण ते चिलखत नव्हे. साठीच्या कोणाही शेतकऱ्याच्या मानेची कातडी त्याच्याच पाठीच्या कातडीशी ताडून पाहावी. मान रापलेली, चरे पडलेली, डागाळलेली. सदऱ्याखालची पाठ मऊ. दोन्हींचे वय एकच. मग हा फरक वयाचा नसून उन्हाचा आहे. गालांवरचे वांग उन्हाने वाढतात, डोळ्यांत मांस वाढते, मोतीबिंदूलाही हेच किरण हातभार लावतात.

उघड्यावर राबणाऱ्यांचा प्रश्न जगभर आहे. जागतिक आरोग्य संघटना व आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी 2023 साली अंदाज दिला, की मेलॅनोमा वगळता त्वचेच्या इतर कर्करोगांनी होणाऱ्या मृत्यूंपैकी जवळजवळ तिनांत एक मृत्यू उन्हातील कामामुळे होतो.

आणखी एक गैरसमज असा, की चटका बसला तरच ऊन बाधते. कातडी बिघडवणारे अतिनील किरण वेगळे. ते ना दिसतात, ना जाणवतात. गार वारा सुटला, आभाळ थोडे आले, तरी ते येतच असतात. ओळखायची खूण सोपी आहे. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड झाली की किरण प्रखर समजावेत. आपल्या जालना जिल्ह्यात डिसेंबरातही ऐन दुपारी सावली उंचीपेक्षा किंचित आखूडच असते. म्हणजे हंगाम थंडीत सुरू झाला म्हणून सुटका नाही. आणि 2021-22 चा हंगाम आठवा. मराठवाड्यात ऊस फडात उभा राहिला, मे महिना उलटला तरी तोड चालूच होती. त्या उन्हात कोयता चालवणाऱ्यांचे काय झाले असेल?

उपाय महाग नाहीत. गांधी टोपी मानाची खरी, पण तिने ना कान झाकतात ना मान. त्यापेक्षा आपल्या जुन्या माणसांचा पटका किंवा मानेवर सोडलेला रुमाल बरा. कापड घट्ट विणीचे, पूर्ण बाहीचे हवे; धुऊन धुऊन विरलेल्या किंवा घामाने भिजलेल्या पांढऱ्या सदऱ्यातून किरण आत जातात. ऊसतोडीच्या बाया लुगड्यावर मालकाचा जुना पूर्ण बाहीचा शर्ट घालतात. पाचटाने हात कापू नयेत म्हणून घालतात, पण उन्हालाही तोच अडवतो. आपण त्यांच्याकडून शिकावे. मलमे परवडतील त्यांनी लावावीत, दर दोन तासांनी पुन्हा लावावी लागतात. मात्र गोरे करण्याच्या नावाखाली मिळणारी स्टेरॉइडची ट्यूब डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून चेहऱ्याला लावू नये. तिने कातडी पातळ होते. महिनाभर न भरणारी जखम किंवा वाढणारा डाग असेल तर घरी न ठेवता डॉक्टरांना दाखवावा.

परंतु मजुराला "दुपारी उन्हात जाऊ नको" असे सांगणे ही त्याची थट्टा होईल. उचल घेतलेला कोयता टनावर राबतो. थांबला तर मजुरी त्याचीच बुडते. म्हणून व्यवस्था आपण करायची आहे. आमचे म्हणणे एवढेच:

एक, आपल्या फडात तोड पहाटे सुरू व्हावी, दुपारी हात थांबावा आणि उरलेले काम ऊन कलल्यावर व्हावे, असे सभासदाने मुकादमाशी बसून ठरवावे. वाहनही त्याच वेळेला मिळावे, हे शेती खात्याने पाहावे.

दोन, बांधावर झाड नसेल तर सभासदाने चार बांबू आणि एक ताडपत्री एवढी सावली करावी. कोपीवरची लेकरे तिथेच बसतील.

तीन, केनयार्डात व वजनकाट्याजवळ गाडीवान आणि ड्रायव्हर तासन् तास नंबर लावून उभे असतात. तिथे पत्र्याची शेड उभारावी आणि भोवती लिंबाची झाडे लावावीत. हा विषय येत्या वार्षिक सभेत घ्यावा.

खर्च होईल, हे आम्ही जाणतो. पण पावशेर वजन घटू नये म्हणून उसाला झाकणारे आपण, माणसाला उघडे ठेवून सहकाराच्या गोष्टी कोणत्या तोंडाने करणार? याचा विचार सभासदांनी व संचालक मंडळाने करावा, ही नम्र विनंती.