पडीक भूखंडांचा सातबारा

उद्योग निघून गेले तरी जमीन शहरातच राहते, आणि ती पडीक असेपर्यंत कसणाऱ्याला कोणी अडवत नाही. खरा प्रश्न तिला पुन्हा भाव आल्यावर उभा राहतो. अमेरिकेच्या मिशिगन राज्यातील डेट्रॉइट या मोटार उद्योगाच्या शहरात हा प्रश्न आज स्पष्ट दिसतो. १९५० च्या जनगणनेत साडेअठरा लाखांच्या घरात असलेली तेथील लोकसंख्या २०२० पर्यंत सहा लाख चाळीस हजारांच्या खाली आली. कारखाने उपनगरांत आणि दूरच्या राज्यांत गेले, त्यांच्या आगेमागे गोरा मध्यमवर्गही गेला, आणि हजारो घरे आधी रिकामी, मग पडकी व अखेर जमीनदोस्त झाली. तीस-पस्तीस फूट रुंद आणि शंभर फुटांच्या आसपास लांब असा तेथील नेहमीचा भूखंड महाराष्ट्रातील मापाने जेमतेम तीन गुंठे भरतो. अशा तुकड्यांवर आता टोमॅटो, मिरची आणि कोलार्डचे वाफे आहेत. कोलार्ड ही कोबीच्या कुळातील, पण गड्डा न धरणारी पालेभाजी असून दक्षिणेकडील राज्यांतून कामासाठी आलेल्या कृष्णवर्णीय कुटुंबांच्या ताटात ती पिढ्यान्‌पिढ्या आहे.

मोकळ्या जागेत भाजी पिकवणे या शहराला नवे नाही. १८९३ च्या मंदीत कामगार बेकार झाले, तेव्हा मूळचे बूट-कारखानदार असलेले महापौर हेझन पिंग्री यांनी पुढे भाव येईल या आशेने पडीक ठेवलेल्या जमिनी मालकांकडून तात्पुरत्या मागून घेतल्या, सुमारे ४३० एकर क्षेत्र गरजू कुटुंबांना बटाटे लावण्यासाठी वाटले आणि खर्चासाठी स्वतःचा घोडाही लिलावात काढला. योजना यशस्वी झाली व इतर शहरांनीही ती उचलली. मात्र पीक कसणाऱ्याचे आणि जमीन उसनी, ही तिच्यातील मूळ उणीव पुढच्या शतकातही भरून निघाली नाही.

पाडलेल्या घराच्या जागेवर शेती करण्यात पहिली अडचण मातीची असते. जुन्या घरांच्या रंगात आणि एकेकाळच्या पेट्रोलमध्ये शिसे असे. घर पाडताना रंगाची धूळ मातीत मिसळते आणि शिसे कुजत नसल्याने ते तेथेच राहते. टोमॅटो-मिरचीसारख्या फळभाज्यांत ते फारसे उतरत नाही. कंदमुळे आणि पालेभाज्या यांच्यात मात्र धोका अधिक असतो, आणि त्याहून मोठा धोका हाताला व पानांना चिकटलेली माती पोटात जाण्याचा असतो. म्हणून माती आधी तपासून घेतात, जमिनीवर लाकडी चौकट ठोकून तिच्यात बाहेरून आणलेली स्वच्छ माती आणि कंपोस्ट भरून उंच वाफा करतात, आणि मधल्या वाटांवर लाकडाचा भुगा पसरतात, म्हणजे धूळ उडत नाही.

दुसरी अडचण मालकीची, आणि ती मातीइतकी सहज सुटत नाही. मिशिगनमधील १९९९ च्या कायद्यानुसार सुमारे तीन वर्षे मालमत्ता कर थकल्यास घर जप्त होते. लिलावात न विकल्या गेलेल्या मालमत्तांपैकी पुष्कळशा ‘लँड बँक’ या सार्वजनिक संस्थेकडे येतात, आणि शेजारचा मोकळा भूखंड घरमालकाला शंभर डॉलरमध्ये मिळू शकतो. २०१३ मध्ये शहराने नियम करून एक एकरापर्यंतची ती बाग आणि त्याहून मोठी ती शेती असा भेद केला व या कामाला रीतसर मान्यता दिली. परंतु मान्यता म्हणजे मालकी नव्हे. कृष्णवर्णीय नागरिकांच्या एका संघटनेने उभी केलेली, रूज पार्कमधील सात एकरांची ‘डी-टाउन फार्म’ शहराच्याच जमिनीवर परवान्याने चालत आली. उलट २०१२ मध्ये एका खासगी कंपनीला झाडे लावण्यासाठी सुमारे १,५०० भूखंड विकण्यास नगर परिषदेने मंजुरी दिली, तेव्हा हा जमीन बळकावण्याचा प्रकार असल्याची टीका झाली.

मुंबईच्या गिरणगावात १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या, पण तेथील जमीन पडीक राहण्याइतकी स्वस्त कधीच नव्हती. त्यामुळे वाफ्यांऐवजी मनोरे उगवले. डेट्रॉइटमध्ये वाफे उगवले ते जमिनीला गिऱ्हाईक नव्हते म्हणून. २०२३ च्या अंदाजानुसार मात्र तेथील लोकसंख्या अनेक दशकांनंतर प्रथमच किंचित वाढली आहे. ज्यांनी शिसे असलेल्या मातीवर कंपोस्ट ओतून पडक्या गल्ल्या पुन्हा राहण्याजोग्या केल्या, त्यांच्याच कष्टांमुळे शेजारच्या भूखंडाला भाव येत असेल, तर त्या भावाचा पहिला फटका वाफ्यालाच बसणार. पिंग्री यांच्या काळातील जमीनमालक जमीन पडीक ठेवून जी भाववाढ मिळवू पाहत होते, ती आजच्या शहराने कसणाऱ्यांच्या नावे लिहून दिली, तरच ही शेती मंदीतील तात्पुरती सोय ठरणार नाही.