काळ्या पडद्याचे बिल

लॅपटॉपवर लिनक्स बसवावे आणि पडदा काळाच राहावा, की दोष लिनक्सला दिला जातो. प्रारंभीच्या आज्ञेत 'नोमोडसेट' हा शब्द घातला तर पडदा पुष्कळदा उजळतो. पण ती मलमपट्टीच. एनव्हिडियाने चिपांचा तपशील वर्षानुवर्षे गुप्त ठेवला. स्वयंसेवकांना 'नूवो' हा ड्रायव्हर चिपेचे वर्तन पारखून, उलट्या वाटेने रचावा लागला. मे २०२२ मध्ये कंपनीने कर्नेलपुरता भाग खुला केला, तोही २०१८ च्या ट्युरिंग पिढीपासून पुढच्या चिपांसाठी! जुना लॅपटॉप वापरणारा विद्यार्थी बाहेरच राहिला. गुपिताचा लाभ विक्रेत्याला, रात्री जागण्याचा खर्च मात्र ग्राहकाला, असा हा व्यवहार. महाविद्यालयांसाठी यंत्रे खरेदी करताना ड्रायव्हर खुला असल्याची अट निविदेत का घालू नये?