हात लावून बघणारा वैद्य

उसण भरली की आमच्या रत्नागिरीत अजूनही पायाळू, म्हणजे पायाकडून जन्मलेला, माणूस शोधतात. शेजारच्या काकूंनी आजीच्या कमरेवर टाच अलगद टेकवली, तेव्हा तिचा आखडलेला श्वास सैल झालेला मी पाहिला आहे. स्पर्शाचं हेच मोल अॅक्युपंक्चरमध्येही दिसतं. १७व्या शतकात जपानमधल्या सुगियामा वाइची या अंध वैद्याने बारीक नळीतून सुई टोचायची रीत रुजवली. नळी त्वचेवर टेकवायची, वर डोकावणारं सुईचं टोक बोटाने हलकेच ठोकायचं; टोचल्याचं फारसं कळतही नाही. अंधांसाठी त्याने शाळा काढल्या; दुखरी जागा बोटांनाच आधी सापडते. महाराष्ट्राने २०१५च्या कायद्याने अॅक्युपंक्चरला मान्यता दिली, हे चांगलंच झालं. नोंदणी आहे का, सुई नवी आहे का, हे विचारावंच. मला मात्र सुईआधी हात लावून बघणारा हवा.